वाक्यात उपयोग करा

विश्रामबाग, सांगली
८ डिसेंबर २०२४

आत्ती,

तुला नमस्कार आणि तुझ्या पायाच्या प्लॅस्टरलाही. शाळेच्या पायरीवरून पडलीस हे आबाकडून कळलं. तो म्हणाला, "जल्मभर पोरांस्नी पायऱ्या चढवल्या अक्कानं, आन सोता उतरताना पडली."

इथे वसतिगृहात आमचे फोन कपाटात कुलपात असतात. रविवारी पाच मिनिटं मिळतात, तीही मॅडमच्या टेबलावर, स्पीकर लावून. मनातलं काही बोलताच येत नाही. पोस्टाच्या पेटीपाशी मात्र कुणी उभं राहत नाही, म्हणून हे पत्र.

मला स्पर्धा परीक्षेची भीती वाटते. गणित निभेल, पण इंग्रजी शब्द राहत नाहीत. सकाळी पाठ केलेले संध्याकाळी गायब. बाकीच्या मुली इंग्रजी शाळेतल्या, मी म्हसवडच्या माळावरची. उन्हाळ्यात तू लॅटिनमधल्या 'पेकस'ची गंमत सांगितली होतीस. पेकस म्हणजे गुरंमेंढरं, तेच जुन्या लोकांचं धन, म्हणून इंग्रजीत पैशाच्या बाबतीत 'पिक्यूनियरी' म्हणतात. तो शब्द अजून विसरले नाही. तसे आणखी पाठव ना.

आज आबा भेटायला आला होता. यंदा मेंढरं तासगावला नाथाजीदादांच्या रिकाम्या रानात, द्राक्षबागेला लागून, खतासाठी बसवली आहेत; बदल्यात ते धान्य देतात. आईपण तिथेच आहे. आबाच्या हाताला फडकं बांधलं होतं, बाभळीचा काटा लागला म्हणे. आणि आपला भुऱ्या मेला गं. काय झालं विचारलं तर म्हणाला, "कुत्र्याच्या जातीला काय, म्हातारा झाला हुता." मी दहावीला असताना आणलेलं पिल्लू ते. मला फार वाईट वाटलं.

तुझी पल्लवी


सातारा
१२ डिसेंबर २०२४

पल्लवे,

पायाचं हाड मोडलंय, जीभ शाबूत आहे. तेव्हा माळावरची, म्हसवडची असलं रडगाणं पुन्हा लिहिलंस तर उलट टपाली बोलणी खाशील. आपल्या खानदानात पहिली शाळेत गेले ती मी. माझ्यामागे एक मेंढी वर्गापर्यंत आली होती आणि गुरुजींनी दोघींनाही बाहेर काढलं होतं. आज त्याच गुरुजींची नातवंडं माझ्याकडे इंग्रजी शिकतात.

आता आपल्या घरचंच एक शब्दकुटुंब घे. लॅटिनमध्ये कळपाला म्हणतात 'ग्रेक्स'. शब्द चालवायला लागलं की त्याचं 'ग्रेग' होतं. ज्याला कळपात राहायला आवडतं, चार माणसांशिवाय करमत नाही, तो 'ग्रिगेरियस'. कळप एके ठिकाणी गोळा झाला की 'काँग्रिगेशन'. बाहेरचं जनावर आणून कळपात मिळवलं, बेरीज केली, तर 'ॲग्रिगेट'. एखादं कळपातून काढून वेगळं बांधलं तर 'सेग्रिगेट'. आणि जे आपणहून कळपाबाहेर उठून दिसतं ते 'इग्रीजियस'. पाचही भावंडं एका खांडातली, एका कळपातली. मेंढरं राखणाराच्या लेकीला हे पाठ करावं लागू नये.

गृहपाठ: प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करायचा, आणि वाक्य आपल्या घरातलं, आपल्या मेंढरांतलं हवं. पुस्तकातलं उचललंस तर ओळखेन.

भुऱ्याचं ऐकून वाईट वाटलं. तुझ्या आबाला, बिरूला म्हणावं, काटा लागलाय तर धनुर्वाताचं इंजेक्शन घे. ऐकणार नाही तो, पण म्हण.

आत्ती


विश्रामबाग, सांगली
१६ डिसेंबर २०२४

आत्ती,

गृहपाठ पाठवते.

ग्रिगेरियस: आमची आई ग्रिगेरियस आहे, ती एकटी जेवूच शकत नाही.

काँग्रिगेशन: सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला मोठी काँग्रिगेशन होते.

ॲग्रिगेट: गुंडामामाची मेंढरं आमच्यात मिळवून यंदा दीडशेचं ॲग्रिगेट झालं आहे.

सेग्रिगेट: भुऱ्याने चावलेल्या दोन मेंढ्या आबाने सेग्रिगेट करून लिंबाखाली बांधल्या आहेत.

इग्रीजियस: याचं वाक्य मला जमलं नाही.

काल आबा येऊन गेला. हात बरा आहे. पुढच्या पत्रात 'रेबीज' या शब्दाचं मूळ लिहिशील का? परीक्षेत येऊ शकतो. लवकर पाठव.

पल्लवी


सातारा
१८ डिसेंबर २०२४, स्पीड पोस्टाने

पल्लवी,

तुझं पत्र दुपारी आलं. मी लाल पेन घेऊन चुका काढायला बसले होते. चौथ्या वाक्यावर पेन थांबलं, आणि शेवटच्या दोन ओळी वाचून मी ते खाली ठेवलं.

तू विचारलंस म्हणून आधी ते सांगते. लॅटिनमध्ये 'राबेरे' म्हणजे वेड्यासारखं खवळणं. त्यावरून रेबीज, त्यावरून पिसाळलेल्याला रॅबिड, आणि रागाला रेज. तिघं एका पोटचे. पण हा शब्द तुला परीक्षेसाठी नकोय, हे मला कळलं.

भुऱ्या मेंढ्यांना चावला, मग मेला. म्हातारा नव्हता तो, मला वय काढता येतं. बिरूच्या हाताला काटा लागला की भुऱ्याचा दात?

मी लगेच बिरूला फोन केला. "कसला कुत्रा, अक्का? काय बी न्हाई," म्हणाला आणि ठेवला. नंतर फोन बंद. तुमच्या ऑफिसात केला. तुझा तास चालू होता म्हणे. स्पीकरवर सगळ्यांपुढे काय बोलणार? 'आत्यांनी घाईने पत्र लिहायला सांगितलंय' एवढा निरोप दिला आहे, तो तरी धड पोचू दे.

शेजारच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चावून दिवस गेले असले तरी माणूस धडधाकट आहे तोवर लस उपयोगी पडते. एकदा आजार अंगात उठला, की मग जगात औषध नाही. घशाला आकडी येते, तहान लागते आणि पाणी समोर धरलं तरी माणूस घाबरतो. पोरी, मला भीती वाटते आहे. घरात मी आणि हे प्लॅस्टर. खरं काय ते लिही.

आत्ती


विश्रामबाग, सांगली
२० डिसेंबर २०२४, स्पीड पोस्टाने

आत्ती,

निरोप मिळाला. शिपाई म्हणाला, "तुमच्या आत्या विचारत हुत्या, जेवण बरं हाय का." तुझं पत्र हातात पडलं तेव्हा कळलं.

खरं लिहिते. दिवाळीनंतर भुऱ्या अचानक वेगळाच वागायला लागला. वाऱ्याला चावायचा, तोंडातून लाळ. दोन मेंढ्यांना चावला. आबा सोडवायला गेला तर त्याच्या मनगटाला धरलं. चार दिवसांत मेला. आईने जखमेत मिरचीपूड भरली आणि वर बिरोबाचा भंडारा लावला. आबा म्हणतो, "आपलाच कुत्रा. हातची भाकरी खाल्लेला. त्याचा दात बाधत न्हाई."

आठ तारखेला आबा आला तेव्हा गेटबाहेरच्या झाडाखाली त्याने मला हे सगळं सांगितलं. मग पिशवीतून भंडारा काढला, माझ्या उजव्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "उचल. कुनालाबी सांगायचं न्हाई. नाथाजीदादाच्या कानावर गेलं तर मेंढरं आजच्या आज रानातनं हाकलतील. कुत्रं पिसाळलं म्हनल्यावर अख्ख्या तासगाव भागात कोन बसवून घील? आपून खायाचं काय?" मी भंडारा उचलला, शपथ घेतली. आईनेही उचलला आहे.

म्हणून तुला काट्याचं लिहिलं. पण मला सहन होत नव्हतं. सोळा तारखेच्या पत्रात मी तुला सांगितलं नाही, आत्ती. मी फक्त वाक्य केलं. तुझा गृहपाठ होता ना? पण तेव्हापासून मी उजवा तळहात सारखा धुते आहे. भंडारा उचलून शब्द मोडला की तो उलटतो, असं तूच लहानपणी सांगायचीस. तो माझ्यावर उलटला तर मी सोसेन. आबावर उलटला तर?

काल आई भाकरी घेऊन आली. लिंबाखालच्या दोघींतली एक बिघडली आहे. झाडाला ढुशा देते, लाळ गळते, पाण्याची पाटी ठेवली तर तोंड लावत नाही. सांगताना आई गेटाला धरून रडली. आणि तिला पाण्याचं तू लिहिलेलं माहीतसुद्धा नाही.

मी काय करू? सांगितलं तर भीती, नाही सांगितलं तर भीती.

पल्लवी


सातारा
२१ डिसेंबर २०२४, स्पीड पोस्टाने

पल्लवी,

नीट वाच. बिरू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्याला कडेवर घेऊन मी मेंढरांमागे चालले आहे. तेव्हा मी थोरली, आणि थोरलीच्या तोंडून शपथ सुटते. देव्हाऱ्यातला भंडारा समोर ठेवून, प्लॅस्टरचा पाय लांब करून बसले आणि तीनदा म्हणाले, पल्लवीची शपथ सुटली, वहिनीची शपथ सुटली. उलटायचाच असेल तर माझ्यावर उलटू दे. माझा एक पाय असाही मोडलाय, त्याला फार शोधावं लागणार नाही.

हे वाचून तुला हसू आलं असेल तर बरं. मला येत नाही. तासगावच्या सरकारी दवाखान्यात फोन करून विचारलं. लस आहे. दंडात इंजेक्शनं आणि जखमेभोवतीही औषध टोचतात. वहिनीने त्या मेंढीची लाळ हाताळली असेल, तिलाही दाखवायचं.

बिरू माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल की नाही माहीत नाही, पण तिथे पोचू शकेल अशी तूच आहेस. इंजेक्शनाला नाही म्हणाला तर एवढं सांग: इंग्रजीत लसीला 'व्हॅक्सिन' म्हणतात. लॅटिनमध्ये 'वाक्का' म्हणजे गाय. पहिली लस गाईला येणाऱ्या देवीच्या रोगापासून निघाली, म्हणून आजही प्रत्येक लसीला गाईचंच नाव आहे. जनावरांतूनच आलेलं औषध आहे, परकं नाही.

मॅडमना काय हवं ते कारण सांग. पण जा.

आत्ती


सातारा
२७ डिसेंबर २०२४

पल्लवी,

तुझं काहीच आलं नाही. ऑफिसात फोन केला तर म्हणाले, गावी गेली होती, कालच परत आली, कुणाशी बोलत नाही. बिरूचा फोन बंदच आहे. नाथाजीदादांचा नंबर माझ्याकडे नाही.

दारात पोस्टमनची सायकल वाजली की मी एका पायावर दाराशी जाते. आज तो वीजबिल देऊन गेला. दोन ओळी लिही. वाईट असलं तरी लिही. हे असं नुसतं बसून राहणं आता होत नाही.

आत्ती


विश्रामबाग, सांगली
३० डिसेंबर २०२४

आत्ती,

माफ कर. पेन हातात घ्यायचे आणि ठेवायचे.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मंगळवारी आई आजारी असल्याचं सांगून सुट्टी घेतली आणि तासगावची एसटी धरली. स्टँडवरून चालत गेले. आबा बेदाण्याच्या शेडपाशी नाथाजीदादांशी बोलत उभा होता. वाटेत ठरवलं होतं, त्याला बाजूला घेऊन सांगायचं. पण तो मला बघून म्हणाला, "शाळा सोडून का आलीस गं? जा माघारी," आणि मला वाटलं, बाजूला घेतलं तर तो पुन्हा भंडारा काढेल. म्हणून सगळ्यांसमोरच बोलले. गुंडामामा होता, शेडमधल्या बायका होत्या. म्हटलं, "दादा, आमचं कुत्रं पिसाळून मेलं. आबाला चावलंय. आबाला दवाखान्यात न्या."

नाथाजीदादांनी विचारलं, "बिरदेवा, पोरगी म्हनती ते खरं हाय?"

आबाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, उजव्या हाताकडे. आईनेच पुढे होऊन त्याची बाही वर सारली. जखम भरत आली होती, दातांचे व्रण तसेच होते.

नाथाजीदादा दोन पावलं मागे सरले. "माजी नातवंडं खेळत्यात या रानात," ते म्हणाले. "सांजच्या आत मेंढरं काडा." आबाला ज्याची भीती होती तेच झालं, आत्ती, आणि माझ्यामुळे झालं. पण मग दादा ओरडले, "उबा काय ऱ्हायलास? तू आदी गाडीत बस!" आणि स्वतः पिकअप काढून आम्हाला दवाखान्यात घेऊन गेले.

तिथे आबा हात पुढे करेना. "मला काय झालंय?" एवढंच. मी वाक्का सांगितलं. त्याने ऐकलं न ऐकलं केलं, पण आई म्हणाली, "गायीचं नाव हाय म्हनत्यात न्हवं? घ्या," आणि आधी तिने स्वतःचा दंड पुढे केला. मग त्याने दिला. जखमेभोवती टोचलं तेव्हा तो भिंतीकडे बघत राहिला. डॉक्टर चिडले होते. इतके दिवस काय करत होता, हे त्यांनी चार वेळा विचारलं.

बिघडलेली मेंढी त्याच सकाळी मेली होती. नाथाजीदादांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. खोल खड्डा घेऊन तिला पुरली, दुसरी बंदोबस्तात ठेवली आहे आणि बाकी मेंढरांनाही लस टोचायची आहे. आम्ही परत आलो तेव्हा गुंडामामाने आपली मेंढरं वेगळी काढली होती. "आमची आमी बघतो, दाजी," म्हणाला. दीडशेच्या जागी नव्वद उरली. ती हाकत आईआबा संध्याकाळी रस्त्याला लागले. आता कवठ्याच्या बाजूला एका खडकाळ माळावर आहेत. तिथं कुणी धान्य देत नाही.

गुरुवारी आबाने मला एसटीत बसवलं आणि पाठ फिरवली. खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या राहिलेल्या शब्दाचं वाक्य आता जमेल असं वाटतं, पण लिहवत नाही.

पल्लवी


सातारा
४ जानेवारी २०२५

माझी पल्लवी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. चौथ्यांदा वहिनीने दंड पुढे केला तिथे हसले.

इग्रीजियसचं अर्धंच सांगितलं होतं, उरलेलं आता घे. लॅटिनमध्ये तो मानाचा शब्द होता: शंभरांत उठून दिसणारा, उत्तम. पुढे इंग्रजीत लोक तो टोमण्याने वापरायला लागले, आणि आज त्याचा अर्थ होतो उघडउघड वाईट, डोळ्यांवर येणारा अपराध. परीक्षेत हाच दुसरा अर्थ लिही. घरी काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

बिरू बोलेल. तो लहानपणी माझ्याशी एकदा अख्खा पावसाळा बोलला नव्हता, मी त्याची बासरी चुलीत घातली होती म्हणून.

भीती मात्र अजून संपलेली नाही, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. लस उशिरा सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, सगळी इंजेक्शनं वेळेवर घेऊ दे आणि काही महिने लक्ष ठेवा. वहिनीला मी धाक घातलाय, एकही चुकवू देणार नाही ती. तो तुला भेटायला आला की तू एकच कर. आधी पाणी दे. काही विचारू नकोस, काही सांगू नकोस. नुसतं बघ.

आत्ती


विश्रामबाग, सांगली
२ फेब्रुवारी २०२५

आत्ती,

परीक्षा पुढच्या रविवारी आहे. शब्द राहतात आता. ते राहिलेलं वाक्यही काल वहीत लिहिलं: 'मी आबाचा इग्रीजियस अपराध केला.' कुठला अर्थ घ्यायचा ते तू ठरव.

पूर्ण जानेवारीत आबा आला नाही. दर रविवारी मी तांब्या भरून गेटापाशी बसायचे आणि आई एकटीच यायची. "इंजेक्शनं समदी घेतली गं," म्हणायची. मी तिला विचारायचे, पाणी पितो का? ती म्हणायची, पितो की. पण तिने भुऱ्याचंही लपवलं होतं, म्हणून माझा विश्वास बसायचा नाही.

आज तो आला. एकटाच. वाळला आहे फार. गेटाच्या आत आला, कट्ट्यावर बसला, पटका काढून बाजूला ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मी काही न बोलता तांब्या पुढे केला.

त्याने हातात घेतला नाही. म्हणाला, "तहान न्हाई."

आत्ती, तुझं पाण्याचं लिहिलेलं आठवलं. इतक्या लांबून उन्हातून आलेला माणूस. मी म्हटलं, "घोटभर तरी घे, आबा."

"न्हाई म्हनलं न्हवं."

मी तांब्या तसाच धरून उभी राहिले. तांब्या कलला आणि पाणी माझ्या पायावर सांडायला लागलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डोळ्यांतून यायला लागलं. तेव्हा त्याने पहिल्यांदा वर बघितलं. आधी सांडणाऱ्या पाण्याकडे, मग माझ्याकडे. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यालाही पाण्याचं सांगितलं असणार. त्याच्या तोंडावरचा राग हळूहळू उतरला आणि त्याजागी काय आलं ते मला लिहिता येत नाही.

त्याने तांब्या माझ्या हातातून घेतला. मान वर करून, तोंड न लावता, वरून धार धरून प्यायला, रानात पितो तसा. घशाची घाटी वरखाली होताना मी बघत होते. एकदाही थांबला नाही. संपल्यावर तांब्या माझ्यासमोर उलटा धरला. एक थेंब खाली पडला.

"बघितलंस?" तो म्हणाला. मग माझा उजवा हात उघडून, तळव्यावरून आपला ओला अंगठा फिरवला, भंडारा पुसतात तसा. "सुटली, पोरी. जा आता, अभ्यास कर."

तुझी
पल्लवी